नांगीतलं विष आणि हृदयाचा ताल

विंचू चावलेला माणूस वेदनेनं तळमळत असेल, पण अंग कोरडं आणि हातपाय ऊबदार असतील, तर जाणत्या डॉक्टरांच्या जिवात जीव येतो. त्यांना धास्ती वाटते ती वेगळ्याच रुग्णाची. दंशाची जागा फारशी दुखत नाही. मात्र घामानं कपडे भिजलेत, उलट्या होताहेत, लाळ गळते आहे, हातपाय गार पडलेत. मुलग्यांत आणि पुरुषांत लिंगाला ताठरता येते. ही चिन्हं दिसली, की विषाचा अंमल मज्जासंस्थेवर बसला आणि आता हृदय धोक्यात आहे, असं समजायचं.

हे निदान रुग्णाच्या खाटेशी बसून पक्कं केलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी साचतं, हे डॉ. पी. एम. मुंडले यांनी १९६१ सालीच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदवलं होतं. तरीही कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं मरतच होती. त्या काळच्या नोंदींत गंभीर रुग्णांपैकी तीस-चाळीस टक्के दगावत. बावस्करांनी रात्र-रात्र रुग्णांजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. हृदयावरच्या संकटाची पूर्वसूचना देणारी लक्षणं त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली.

शरीरात घडतं ते असं. मज्जातंतूच्या पेशीवर सोडियमची सूक्ष्म दारं असतात. संदेश जाताना ती क्षणभर उघडतात आणि मिटतात. विंचवाच्या विषातली प्रथिनं ती मिटू देत नाहीत. काही प्रथिनं पोटॅशियमची दारं अडवतात. मग मज्जातंतू थांबतच नाहीत. आधी घाम, लाळ, उलट्या, कधी मंद नाडी. पाठोपाठ ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिनचा लोंढा. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, नाडी धावू लागते, ठोके चुकतात. एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि तोंडातून गुलाबी फेस येतो.

आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदयावरचा भार उतरेल, हा विचार बावस्करांनी धरला. सोडियम नायट्रोप्रुसाइडचा उपयोग झाला, पण ते शिरेतून थेंब-थेंब द्यायचं आणि सतत रक्तदाब बघायचा, हे खेड्यात अवघड. प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी मात्र तोंडानं देता येते. हातपाय पुन्हा ऊबदार होईपर्यंत ठरावीक अंतरानं ती द्यायची आणि रुग्णाला आडवंच ठेवायचं. हा अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. २०११ साली डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या ७० रुग्णांवरचा अभ्यास ‘बीएमजे’त प्रसिद्ध केला. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेल्यांपैकी ९१.४ टक्के रुग्ण दहा तासांत लक्षणमुक्त झाले. नुसतं प्राझोसिन मिळालेल्यांत हे प्रमाण २२.९ टक्के होतं. २०२२ साली हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

प्रयोगशाळांतही काम चालू होतं. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात प्राण्यांवर या विषाचा आणि इन्शुलिनच्या उपयोगाचा अभ्यास झाला; बनारस हिंदू विद्यापीठात उंदरांच्या हृदय-प्रतिक्षेपांवर. याच लाल विंचवाच्या विषातून १९९० साली आयबेरिओटॉक्सिन हे ३७ अमिनो आम्लांचं प्रथिन वेगळं काढण्यात आलं. ते ‘बीके’ नावाची पोटॅशियमची दारं तेवढी बंद करतं, म्हणून जगभरच्या संशोधकांचं ते हत्यार झालं. २०१० साली न्यूझीलंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी हीच दारं अडवणारं पॅक्सिलिन हे बुरशीजन्य मज्जाविष उंदरांना दिलं, तेव्हा त्यांचे ठोके मंदावले. ज्या उंदरांत बीकेचा जनुकच नव्हता, त्यांच्यावर परिणाम झाला नाही. हृदयाचा ताल राखण्यात या दारांचा वाटा आहे, हे त्यातून उमगलं. खाटेजवळचं निरीक्षण आणि प्रयोगशाळेतला प्रयोग अशी एकमेकांना पूरक ठरतात.

आता आपल्या दाराशी येऊ. लाल विंचू कोकणापुरता नाही, पश्चिम महाराष्ट्रातही आहे. नृसिंहवाडीच्या आसपास, शिरोळ तालुक्यात, ऊसतोडीला आलेली कुटुंबं हंगामभर कोप्यांत जमिनीवर झोपतात, पहाटे अंधारात पाचटात हात घालतात. कृष्णा-पंचगंगेला पूर आला की पाण्याबरोबर सरपटणारे जीव घरांच्या आडोशाला येतात. त्यामुळे या भागातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि प्रतिविष असलंच पाहिजे. कारखान्यांनी आणि ग्रामपंचायतींनी हंगामाआधी त्याची खातरजमा करावी. आणि वाचकहो, विंचू उतरवणाऱ्याच्या दारात घटकाभरही घालवू नका. बूट आणि अंथरूण झटकून घ्या. दंश झालेल्या मुलाचे हात-पाय गार लागले, अंगाला घाम सुटला, तर वेदना कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याला लगेच दवाखान्यात न्या.