मैदानावरची पारख, लिलावातली किंमत

26 जुलै 2014. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना रंगला आणि यू मुंबाने जयपूर पिंक पँथर्सला 45-31 असं हरवलं. लालबाग-परळच्या ज्या मंडळींनी उभी हयात मातीच्या मैदानाच्या कडेला बसून कबड्डी पाहिली, त्यांना आपला खेळ त्या झगमगाटात बघताना भरून आलं होतं. पण खरा बदल त्याआधी दोन महिने घडून गेला होता. मे महिन्यात मुंबईतच खेळाडूंचा लिलाव झाला आणि राकेशकुमारवर 12 लाख 80 हजारांची सर्वांत मोठी बोली लागली. कबड्डीपटूच्या गुणांची किंमत पहिल्यांदाच सगळ्यांदेखत रुपयांत सांगितली गेली. त्याला आता दशक उलटून गेलंय. या काळात आपल्याला खेळाडू ओळखता आला का, याचा हिशेब मांडायला हवा.

खेळाडू हेरणं गिरणगावाला नवीन नव्हतं. गिरण्यांचे संघ होते, मग बँका, रेल्वे, बंदर, तेल कंपन्या यांचे संघ आले. श्रमिक जिमखान्यावर, प्रभादेवीच्या गिरणी कामगार क्रीडाभवनात, गल्लीबोळांतल्या मंडळांच्या स्पर्धांत एखादा पोरगा चमकला की कुणीतरी त्याच्या घरी निरोप धाडायचं. बक्षीस एकच, नोकरी. दहा बाय बाराच्या खोलीत एक कायमचा पगार सुरू होणं म्हणजे अख्ख्या घराचं नशीब पालटणं. म्हणून निवडणाराही जपून निवडायचा. त्याला पुढची पंचवीस-तीस वर्षं सोबत राहणारा माणूस घ्यायचा असे. 1982 च्या संपानंतर गिरण्यांची धुरांडी विझत गेली, पुढे कचेऱ्यांतली खेळाडूंची भरतीही आटली. मंडळं मात्र तग धरून राहिली आणि पोरं येत राहिली. त्यांना निवडणारं मात्र फारसं कुणी उरलं नव्हतं. प्रो कबड्डीने ती जागा भरली, हे तिचं ऋण मान्यच करायला हवं.

फक्त निवडीची मुदत बदलली. कचेरी आयुष्याचा विचार करून निवडायची, संघमालक एका-दोन मोसमांचा विचार करून निवडतो. त्यामुळे डोळ्यांत भरतात ते चढाईचे गुण, कारण ते मोजायला सोपे. 2017 मध्ये संघ आठाचे बारा झाले आणि नितीन तोमरसाठी 93 लाख मोजले गेले. 2018 मध्ये बोलीने कोटीचा उंबरठा ओलांडला. मोनू गोयत हरियाणा स्टीलर्सकडे 1 कोटी 51 लाखांना गेला. त्याच लिलावात यू मुंबाने आपल्या चंदगडकडच्या सिद्धार्थ देसाईला 36 लाख 40 हजारांना घेतलं. मोसम संपला तेव्हा हरियाणाचा संघ आपल्या गटात तळाला होता आणि सिद्धार्थच्या नावावर चढाईचे दोनशेहून अधिक गुण होते. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाख दिले. लिलावाला त्याची ओळख पटली, पण एक वर्ष उशिरा.

त्याच मोसमाने मुंबईकरांना आणखी एक धडा दिला. सांताक्रूझचा रिशांक देवाडिगा पहिल्या मोसमापासून यू मुंबाचा होता. आपल्या डोळ्यांदेखत तयार झालेला हा पोरगा 2017 मध्ये यूपी योद्धाकडे गेला आणि 2018 मध्ये त्यांनी 1 कोटी 11 लाख मोजून त्याला राखलं. त्या वर्षी बाद फेरीत यू मुंबाचा मोसम संपवणारा संघ होता यूपी योद्धा आणि त्याचा कर्णधार होता रिशांक. मला त्याचा राग आला नाही, अभिमान वाटला. पण हातचं माणूस सोडताना आपण नेमकं काय पाहिलं नाही, हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून आहे.

अर्जुन देशवालने तो प्रश्न अधिक टोकदार केला. सहाव्या आणि सातव्या मोसमात तो यू मुंबाच्याच ताफ्यात होता, उमेदवारी करणारा एक तरुण चढाईपटू म्हणून. आठव्या मोसमाआधी जयपूरने त्याच्यावर 96 लाख लावले. 17 डिसेंबर 2022 ला, पुन्हा त्याच वरळीच्या डोममध्ये, जयपूरने पुणेरी पलटणला 33-29 असं हरवून विजेतेपद घेतलं आणि मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला अर्जुन. तो आपल्याकडे होता तेव्हाही त्याचे पाय तेच होते, दमही तोच होता. आपण थांबलो नाही, एवढंच.

थांबण्याचं फळ काय असतं, ते पुण्याने दाखवलं. लिलावाबाहेर नव्या तरुणांना घेण्याची वाट 2017 नंतर रुंदावली होती. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार त्याच वाटेने आठव्या मोसमात पुणेरी पलटणमध्ये आला. पलटणने त्याच्याभोवती मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते अशी कोवळी पोरं एकत्र राखली. नवव्या मोसमात अंतिम सामना हरल्यावरही संघ मोडला नाही. 1 मार्च 2024 ला हरियाणाला 28-25 असं नमवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली. कर्णधार अस्लम, मोसमाचा सर्वोत्तम खेळाडूही अस्लमच. त्याच मोसमाच्या लिलावात पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाखांहून अधिकची बोली लागली होती. मोठी किंमत वाईट नव्हे, पवनसारख्याला ती शोभतेच. पण घर बांधायचं तर विकत आणलेल्या विटांइतकीच घरची माती लागते.

लिलावाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लीगच्या इतिहासात चढाईचे अठराशेहून अधिक गुण मिळवणारा, तीन विजेतेपदं जिंकणारा परदीप नरवाल 2021 मध्ये 1 कोटी 65 लाखांचा होता. 2025 च्या लिलावात त्याच्यावर कुणी बोलीच लावली नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. गिरणीची नोकरी गुडघा दुखावल्यावरही पगार देत असे. आज अठरा-वीस वर्षांच्या पोराला निवडताना शिक्षणाचं काय, दुखापतीचं काय, तिशीनंतरचं काय, हे विचारणारं कुणीतरी त्या टेबलावर असायला हवं. पोराच्या घरचे हे प्रश्न आधीच विचारत असतात.

मग पारख करायची कशी? आमच्या मंडळातले जुने जाणते चढाई संपल्यावर पोराकडे पाहायला सुरुवात करायचे. कबड्डीत बाद झालेला खेळाडू बाहेर बसतो आणि साथीदाराने गुण आणल्याशिवाय आत येत नाही. त्या बसलेल्या वेळात काही पोरं मान खाली घालतात, काही पंचाशी हुज्जत घालतात. एखादा मात्र समोरचा कोपरा, म्हणजे कडेचा बचावपटू, कधी पुढे सरकतो, कव्हरचा बचावपटू कुठल्या पायावर भार देतो, हे टक लावून बघत असतो. आत येताच त्याची पहिली चढाई त्याच कोपऱ्यावर जाते. हा गुण आकडेवारीत उमटत नाही. तो पाहायचा तर संध्याकाळी सहा वाजता मैदानाच्या कडेला जाऊन बसावं लागतं, एक दिवस नव्हे, अनेक संध्याकाळी.

माझी कळकळीची विनंती आहे ती एवढीच. संघांनी चित्रफिती पाहाव्यात, आकडे तपासावेत. पण नरे पार्कच्या, प्रभादेवीच्या, दादरच्या मैदानांवर ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षं पोरं घडवली, त्यांच्या शेजारची एक खुर्चीही कायमची आपली करावी. आज संध्याकाळीही तिथे कुणीतरी बाद होऊन बसलेलं असेल, समोरचा कोपरा न्याहाळत.