सात हेक्टरांची चार दशकं

ल्वार नदीच्या उत्तर काठावर, फ्रान्समधल्या आँजे शहराजवळ, साव्हनिएर नावाचं गाव आहे. तिथल्या ‘कुले द सेराँ’ या उतारावर ११३० साली सिस्टर्शियन मठातल्या साधूंनी द्राक्षवेली लावल्या. क्षेत्र सात हेक्टर, म्हणजे आपल्याकडचे सव्वासतरा एकर. वाण एकच, शेनिन ब्लाँ. कुर्नोन्स्की या नामवंत खाद्यलेखकाने फ्रान्समधल्या पाच सर्वोत्तम पांढऱ्या वाइनमध्ये इथल्या वाइनची गणना केली होती. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही बाग निकोला जोली यांनी हाती घेतली, तेव्हा त्यांना शेतीचा अनुभव नव्हता. कोलंबिया विद्यापीठात व्यवस्थापन शिकून बँकेत नोकरी केलेला हा माणूस. तोवर बाग आईने सांभाळली होती.

पुढची हकीकत त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. एक कृषी सल्लागार आला. आईने बाग चांगली राखली, पण पद्धत जुनी आहे, असं म्हणून त्याने तणनाशक वापरल्यास किती पैसे वाचतील याचा हिशेब मांडला. जोलींनी सल्ला मानला. दोनेक वर्षांत मातीचा रंग पालटला. ढालकिडे आणि तितर दिसेनासे झाले. त्याच काळात बायोडायनॅमिक शेतीवरचं एक पुस्तक हाती लागलं. १९८० मध्ये बागेच्या थोड्या भागावर प्रयोग सुरू झाला आणि १९८४ पासून सगळी बाग त्या पद्धतीवर आली.

ही पद्धत तत्त्वचिंतक रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४च्या जून महिन्यातल्या आठ व्याख्यानांमधून निघाली. ठिकाण कोबरवित्झ, तेव्हा जर्मनीत, आता पोलंडमध्ये. श्रोत्यांपुढचा प्रश्न होता रासायनिक खतांनी थकत चाललेल्या शेतजमिनीचा. द्राक्षबागा तिथे विषयच नव्हत्या. स्टायनर तर मद्याच्या विरोधातले. तरी त्यांच्या विचाराला सर्वात मोठी प्रसिद्धी पुढे वाइनने मिळवून दिली.

बाहेर चर्चा होते ती शिंगखताची. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचं, वसंतात काढायचं. हेक्टरी साधारण शंभर ग्रॅम खत तीस-पस्तीस लिटर पाण्यात तासभर ढवळायचं, एकदा या दिशेने, भोवरा झाला की मोडून उलट दिशेने, आणि संध्याकाळी जमिनीवर शिंपडायचं. दुसरं शिंग दळलेल्या स्फटिकाचं. ते उन्हाळ्यात पुरतात आणि चिमूटभर पूड पाण्यात ढवळून सकाळी पानांवर फवारतात. याशिवाय कॅमोमाइल, खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल, ओकची साल अशा वनस्पती कंपोस्टमध्ये घालतात आणि कामांच्या वेळा चंद्र व राशींच्या पंचांगावरून ठरवतात.

शंभर ग्रॅम शेण एका हेक्टरला काय देणार, हा प्रश्न रास्तच आहे. जर्मनीत गाइझेनहाइम इथे २००६ पासून रीसलिंगच्या बागेवर दीर्घकालीन तुलना चालू आहे. तिथे सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक या दोन्ही पद्धतींत वेलीची वाढ आणि उत्पन्न नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी भरलं. पण त्या दोघींत आपसांत फारसा फरक आढळला नाही. तेव्हा शिंगाच्या वेगळ्या शक्तीवर मी विश्वास ठेवत नाही. कुले द सेराँकडे मात्र मी पुन्हा पुन्हा वळतो ते दुसऱ्या कारणासाठी. स्टायनर यांचा मूळ आग्रह असा होता की शेताची गरज शक्यतो शेतातच भागावी. हा आग्रह मनापासून पाळायचा तर नुसती द्राक्षं लावून भागत नाही. जोलींच्या बागेत शेणासाठी गाई आल्या, त्याही नाँतेझ या दुर्मीळ होत चाललेल्या जातीच्या. तीव्र उतारावर नांगराला घोडा आला. एकाच पिकाची बाग पुन्हा शेत झाली. चार दशकांतली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट ही.

एका बाबतीत मात्र ही स्वयंपूर्णता अपुरी पडते. डाऊनी हा द्राक्षवेलीचा बुरशीजन्य रोग अमेरिकेतून १८७८च्या सुमारास फ्रान्समध्ये आला आणि १८८५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण जाहीर केलं. आजही बायोडायनॅमिक बागायतदाराला मोरचुदातल्या तांब्याचाच मोठा आधार आहे. तांबं मातीत साठतं, म्हणून युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातली आहे. ओल्या वर्षी ती पाळताना पीक हातचं जाऊ शकतं.

तोडणीपासून तळघरापर्यंत जोलींनी स्वयंपूर्णतेचा तोच हट्ट धरला. तोडणी एका दमात होत नाही. माणसं काही आठवड्यांत चार-पाच फेऱ्या मारतात आणि पिकलेलेच घड काढतात. उत्पन्न हेक्टरी २,००० ते २,५०० लिटरच्या आसपास. विकतचं यीस्ट नाही, नव्या ओकचा वास जवळपास नाही. मिळते ती सोनेरी, भारदस्त वाइन. अल्कोहोल अनेकदा चौदा टक्क्यांच्या पुढे. बाटली आदल्या दिवशी उघडून ठेवा, असं जोली सांगत आले. काही जाणकारांनी या वाइनवर ती हवेने लवकर जून होते, बाटलीगणिक बदलते, असा आक्षेप घेतला. तो पोकळ नाही. पण दरवर्षी एकाच चवीची वाइन हवी असेल तर हवामान पुसून टाकावं लागतं, आणि जोलींना तेच नको होतं.

हळूहळू मोठी नावं या वाटेवर आली. बर्गंडीत लालू बीझ-लर्वा १९८८ मध्ये, आणि आन-क्लोद लफ्लॅव्ह यांची सगळी बाग १९९७ पर्यंत. २००१ मध्ये जोलींनी समविचारी बागायतदारांचा गट उभा केला. आता तळघराचं काम त्यांची मुलगी व्हिर्जिनी पाहते.

शेनिन ब्लाँ नाशिकलाही पिकतं. सुला वायनरीच्या २००० सालच्या पहिल्या वाइनमध्ये ते होतं. पण ल्वारकाठचं वेळापत्रक उचलून इथे आणलं तर चालणार नाही. आपल्याकडे वेलीला बर्फाळ हिवाळ्यातली झोप नाही. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि तोडणी ऐन थंडीत किंवा त्यानंतर. फळछाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनीची धास्ती सुरू होते. इथल्या शेतकऱ्यासाठी जोलींच्या शिंगापेक्षा त्यांच्या गाई, ओळींमधलं जिवंत गवत आणि कमी घडांवर समाधान मानणं जास्त कामाचं आहे. अडचण शेवटच्या गोष्टीची. वायनरीला किलोच्या भावाने द्राक्ष घालणारा शेतकरी निम्मं पीक सोडू शकत नाही. ते जमतं वाइन स्वतः करून स्वतःच्या नावाने बाटली विकणाऱ्याला, आणि त्यासाठी लागणारी टाक्या, परवाना, तळघराची गुंतवणूक दोन-चार एकरांच्या बागायतदाराला झेपेल अशी व्यवस्था आपल्याकडे अजून उभी राहायची आहे.