फल्लीदाणा सोसत नाही, मग फराळाला काय?

आषाढी एकादशीच्या सकाळी आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला त्याची आई दवाखान्यात घेऊन आली. साबुदाण्याच्या उसळीचे दोन घास खाल्ले आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. घरच्यांनी ‘पित्त उठले’ म्हणून आमसुलाचे पाणी अंगाला चोळले. त्यात पाऊण तास गेला. मुलगा माझ्यापुढे आला तेव्हा श्वास घेताना छातीतून शिटीसारखा आवाज येत होता. मांडीत अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन दिले, ऑक्सिजन लावला आणि मोठ्या रुग्णालयात पाठवले. मुलगा वाचला. चार दिवसांनी आई पुन्हा आली. ‘‘डॉक्टरसाहेब, आता याला डब्यात देऊ तरी काय? कूट नाही असा पदार्थच आमच्या घरात होत नाही.’’

प्रश्न खरा आहे. आपल्याकडे फल्लीदाणा भाजीत, चटणीत, कोशिंबिरीत, चिवड्यात असतो आणि उपासाला तर असतोच. अ‍ॅलर्जीत शरीराची संरक्षणव्यवस्था दाण्यातील प्रथिनाला शत्रू समजते. त्यामुळे ‘थोडेसे चालेल’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. काहींना चिमूटभर कूटही पुरते.

फल्लीदाणा हा सुका मेवा नव्हे. तो तूर-हरभऱ्याच्या कुळातला. म्हणून दाणे बाधणाऱ्याला काजू-बदाम बाधतीलच असे नाही. पण काहींना दोन्ही बाधतात. हे त्वचेच्या किंवा रक्ताच्या तपासणीवरून आणि रुग्णाच्या अनुभवावरून तज्ज्ञ ठरवतात. घरी खाऊ घालून परीक्षा पाहू नये. ज्याला काजू बाधतो त्याला पिस्ताही बहुधा बाधतो. आपल्या विदर्भातली चारोळी आणि बिब्याची गोडंबी ही दोन्ही काजूच्याच कुळातली. काजूची अ‍ॅलर्जी असलेल्याने सांबारवडीचे सारण आणि गोडंबीचे लाडू यांपासून दूरच राहावे, असे माझे मत आहे.

आता डब्याचे. साबुदाण्याच्या उसळीत कुटाऐवजी ओले खोबरे घालावे. कूट नसले की साबुदाणा चिकटतो, म्हणून तो तीन-चार पाण्यांतून धुऊन, कमी पाण्यात भिजवून तुपावर परतावा. नारळ बहुतेकांना चालतो. क्वचित एखाद्याला बाधतो. भगर, रताळ्याचा कीस, शिंगाड्याचा शिरा यांत दाण्यांची गरजच नसते. मखाने तुपावर परतून मीठ-मिरपूड लावली की मुले आवडीने खातात. ज्वारीच्या लाह्या आहेत, गूळ घालून घरी केलेला राजगिऱ्याचा लाडू आहे. बाजारच्या राजगिरा लाडवात दाणे असू शकतात. चिवड्यात दाण्यांऐवजी डाळे घालता येते. मात्र दाणे बाधणाऱ्यांपैकी थोड्यांना हरभराही बाधतो, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारावे. तिळाची अ‍ॅलर्जी वेगळी असते. तिळगूळ सरसकट सुरक्षित मानू नये.

एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. भडभुंजाच्या कढईत ज्या वाळूत दाणे भाजतात, त्याच वाळूत फुटाणे आणि मुरमुरेही भाजले जातात. म्हणजे फुटाण्याच्या पुडीत दाण्याचा अंश येऊ शकतो. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावरून ‘दाणे काढून द्या’ म्हणणेही व्यर्थ. झारा एकच, पातेले एकच. तेलाचेही पाहावे. पूर्ण रिफाइंड फल्ली तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाणीच्या तेलात उरते. घाणीचे तेल पुन्हा घरोघरी येऊ लागले आहे. एरवी त्याला माझी हरकत नाही, पण या रुग्णांच्या घरी ते नको. शेव-चकली कोणत्या तेलात तळली, हे दुकानदाराला विचारायला लाजू नये.

बंद पाकिटावर अ‍ॅलर्जीकारक घटकांची नोंद असते. 2020 च्या लेबलविषयक केंद्रीय नियमांत शेंगदाणा आणि सुका मेवा यांचा उल्लेख बंधनकारक आहे. ती ओळ बारीक अक्षरांत असते, चष्मा लावून वाचावी. हिरवा ठिपका फक्त शाकाहारी एवढेच सांगतो.

एवढे करूनही चूक होऊ शकते. खाल्ल्यावर गांधींबरोबर दम लागणे, आवाज घोगरा होणे, वारंवार उलटी किंवा चक्कर यांपैकी काही झाले, तर आमसूल आणि गोळ्या यांत वेळ घालवू नये. अ‍ॅलर्जीच्या गोळीने खाज थांबते, घशाची सूज आणि घसरलेला रक्तदाब सावरत नाही. ते काम अ‍ॅड्रिनॅलिनचे. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. दम लागला असेल तर बसू द्यावे, पण उभे करून चालवू नये. 108 ला फोन करावा. एकदा असा झटका आलेल्यांनी हे इंजेक्शन घरी आणि शाळेत ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे, मात्रा लिहून घ्यावी आणि टोचायचे कसे ते शिकून घ्यावे.

त्या मुलाच्या आईने ते शिकून घेतले आहे. घरात आता ओल्या खोबऱ्याची उसळ होते. आजींना मात्र ती अजून पटलेली नाही.