हॉपकिन्सन दांड्यांची चाचणी

मऊ पोलादाची कांडी सावकाश दाबली आणि तशीच दुसरी झटक्यात ठोकली, तर दोन्ही सारखाच भार सोसत नाहीत. भार वेगाने पडला की स्फटिकांतील दोषांना सरकायला वेळ अपुरा पडतो. त्यामुळे कायमचा आकार बदलण्यापूर्वी धातू अधिक प्रतिबल पेलतो. वाहनांच्या टकरीचा किंवा स्फोटाचा हिशेब करताना हा फरक धरावा लागतो.

एवढा वेग नेहमीच्या चाचणीयंत्राला गाठता येत नाही. त्यासाठी हर्बर्ट कोल्स्की यांनी १९४९ मध्ये मांडलेली पद्धत वापरतात. तिचे मूळ बर्ट्रम हॉपकिन्सन यांच्या १९१४ च्या शोधनिबंधात आहे. दोन लांब, सरळ पोलादी दांड्यांमध्ये छोटा नमुना पकडतात आणि वायूच्या दाबाने सोडलेली आखूड कांडी पहिल्या दांडीवर आदळवतात. दाबाची लहर सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने नमुन्यापर्यंत पोचते. तिचा काही भाग परत फिरतो, उरलेला पुढच्या दांडीत जातो. दांड्यांवर चिकटवलेले स्ट्रेन गेज या लहरी टिपतात. परतलेल्या लहरीवरून नमुना किती वेगाने आखूडला ते कळते, पुढे गेलेल्या लहरीवरून त्याने किती बल पेलले ते. नमुन्याच्या दोन्ही टोकांवरील बल समान झाल्यानंतरचीच मोजणी ग्राह्य धरतात.