अल्व्हिनोकॅरिडिडी
अल्व्हिनोकॅरिडिडी हे दशपाद गणातील खोल समुद्रात राहणाऱ्या कोळंब्यांचे कुल आहे. समुद्रतळावरील उष्ण झरे आणि मिथेन पाझरणाऱ्या जागा हे यांचे अधिवास होत. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही. रसायनांपासून ऊर्जा मिळवणारे जीवाणू हाच त्यांच्या आहाराचा पाया असतो.

विल्यम्स व चेस यांनी १९८२ साली गालापागोसजवळील झऱ्यांवरून अल्व्हिनोकॅरिस या प्रजातीचे वर्णन केले. हे नाव ‘अल्व्हिन’ या पाणबुडीवरून दिले आहे. प्रारंभी ही प्रजाती ब्रेसिलिइडी कुलात गणली जाई; १९८६ मध्ये क्रिस्टोफरसन यांनी तिच्यासाठी स्वतंत्र कुल स्थापिले.

या कुलाचे वर्गीकरण केवळ बाह्यरूपावरून करणे फसवे ठरते, कारण वयानुसार शरीररचना पुष्कळ बदलते. रिमिकॅरिस एक्झोक्युलाटा ही अटलांटिकमधील जाती याचे ठळक उदाहरण होय. तिच्या नावाचा अर्थ ‘नेत्रहीन’ असा असला, तरी प्रौढ कोळंबीच्या पाठीवर प्रकाशसंवेदी अवयव असतो. म्हणजे नाव अर्धेच खरे. तिच्याच अल्पवयीन नमुन्यांना १९९६ मध्ये आयोरानिया ही निराळी प्रजाती मानले गेले. १९९८ मधील जनुकीय तपासणीत दोन्ही एकच असल्याचे आढळले आणि ते नाव रद्द झाले. पुढे २०१५ मध्ये कोरोकॅरिस ही प्रजातीही रिमिकॅरिसमध्ये विलीन करण्यात आली. हिंदी महासागरातील मध्यवर्ती सागरी पर्वतरांगेवरील रिमिकॅरिस कैरेई ही जाती २००२ मध्ये वर्णिली गेली.