शाळेची भाषा : लेखांक ७ – गणिताच्या तासाला इंग्रजी

मागच्या लेखांकात घरची आणि शाळेची भाषा वेगळी असली की मुलाचं काय होतं, ते पाहिलं. आज मलेशियाचा अनुभव. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळा तीन भाषांत चालतात : मलय, चिनी आणि तमिळ. २००३मध्ये महाथीर मोहमद यांच्या सरकारनं या तिन्ही प्रकारच्या शाळांत पहिलीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू केलं. बाकीचे विषय होते त्याच भाषेत राहिले. म्हणजे आपलं सेमी इंग्रजीच, पण सक्तीचं.

पैसा हात आखडून खर्च केला नव्हता. शिक्षकांना लॅपटॉप, प्रोजेक्टर, तयार पाठांच्या सीडी मिळाल्या, वर भत्ताही. पण १९७०पासून तिथल्या इंग्रजी शाळा एकेक इयत्ता करत मलय माध्यमात गेल्या होत्या. त्यामुळे २००३मध्ये वर्गावर उभे असलेले बरेचसे शिक्षक स्वतः विज्ञान मलयमधून शिकलेले. ते सीडी लावत, व्याख्या इंग्रजीत वाचत आणि समजावताना आपल्या भाषेवर येत. यात त्यांचा आळस नव्हता. मुलांना कळावं, एवढीच धडपड होती.

मळ्यावरच्या तमिळ शाळेत पहिलीला आलेलं मूल घ्या. घरी तमिळ, देशाची भाषा मलय, आणि इंग्रजीची अक्षरओळख चालू असतानाच त्याच इंग्रजीत बेरीज-वजाबाकी. ‘मुथूपेक्षा राजूकडे किती गोट्या कमी?’ हे तमिळमध्ये विचारलं तर ते बोटांवर मोजून उत्तर देईल. तेच गणित इंग्रजीत छापून आलं की ते त्यातले दोन आकडे उचलतं आणि बेरीज करून मोकळं होतं. वजाबाकी त्याला येते, प्रश्न वाचता येत नाही. प्रगतिपुस्तकात मात्र ‘गणित कच्चं’ असा शेरा पडतो. मला या धोरणातली सर्वांत मोठी हानी हीच वाटते.

चिनी शाळांनी वाटाघाटी करून दोन्ही भाषा ठेवल्या. तिथं तासिका वाढल्या.

मार्च २००९मध्ये क्वालालंपूरमध्ये मोठा मोर्चा निघाला. राष्ट्रीय साहित्यिक ए. समद सैद त्यात चालले. जुलैत शिक्षणमंत्री मुहिद्दीन यासीन यांनी धोरण टप्प्याटप्प्यानं मागे घेण्याची घोषणा केली. शहरी आणि ग्रामीण मुलांमधली दरी वाढल्याचं सरकारनंच मान्य केलं. शहरातले अनेक पालक नाराज झाले, तेव्हा २०१६पासून अटी पूर्ण करणाऱ्या शाळांना पुन्हा मुभा मिळाली, पालकांच्या संमतीनं.

त्या पालकांना मी दोष देणार नाही. नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी अडतं, हे त्यांनी पाहिलेलं आहे. पण इंग्रजी यावं म्हणून इंग्रजीचाच तास भक्कम करायला हवा. गोष्टी, संभाषण, वाचन आणि चांगला शिक्षक त्या तासाला हवा. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत सेमीचा ठराव करण्याआधी व्यवस्थापन समितीनं गणिताच्या शिक्षकांना एकच विचारावं : अपूर्णांक तुम्ही पुस्तकात न बघता इंग्रजीतून समजावू शकाल का?

पुढच्या आठवड्यात गोवा : प्राथमिक शाळांचं अनुदान आणि माध्यमाचा वाद.