कपाशीचा पराग आणि बोंडअळी

जनुकीय बदल केलेल्या पिकापासून सभोवतालच्या सृष्टीस अपाय संभवतो की नाही, याचा निर्णय करण्यापूर्वी त्या वनस्पतीचे फूल, पराग आणि आप्तगोत यांची तपासणी होणे अगत्याचे असते. सन 2002 मध्ये आपल्या देशात मंजुरी मिळालेल्या बीटी, म्हणजे बोंडअळीला मारक विष स्वतःच तयार करणाऱ्या जनुकबदल केलेल्या, कपाशीचे दुधट फूल सकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते. त्यातील पराग बोटावर घेऊन पाहावा, तो इतका जड व चिकट असतो की वाऱ्यावर न उडता मधमाशीच्या अंगाला लागूनच शेजारच्या शेतात पोहोचतो. शिवाय या अमेरिकी कपाशीत 52 आणि आपल्या देशी कपाशीत 26 गुणसूत्रे असल्यामुळे उभयतांचा संकर झालाच, तरी त्याची संतती बहुधा वांझ निघते. वांग्याची गोष्ट निराळी. त्याचे रानटी सगेसोयरे याच भूमीत नांदतात.

कपाशीच्या बाबतीत खरा धोका, माझ्या मते, परागात नव्हे तर अळीत होता. गुलाबी बोंडअळी जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते. म्हणून बीटी विषाला न सरावलेल्या अळ्याही शिवारात टिकाव्यात आणि त्यांच्याशी संकर होऊन प्रतिकारशक्ती विरळ राहावी, यासाठी कडेने बिगर-बीटी ओळी लावण्याची शर्त सरकारने घातली. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत त्याकरिता 120 ग्रॅम बियाणे वेगळे मिळे. ते पेरण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. 2010 मध्ये गुजरातेत प्रतिकारक्षम बोंडअळी आढळल्याचे जाहीर झाले, आणि 2017 च्या हंगामात त्याच अळीने विदर्भ-मराठवाड्यातील बोंडे पोखरली.